दसऱ्याआधी गाडी आतून स्वच्छ करायची तर: पाणी कमी, वेळ भरपूर

गणपतीला कोकणात जाऊन आलेली गाडी पंधरा दिवसांनी उघडली की आतून कुबट वास अंगावर येतो. मॅटखाली लाल माती, सीटच्या फटीत चिवड्याचे पोहे, दाराच्या कप्प्यात ओली छत्री, मागच्या सीटवर घाटात कोणाला तरी लागलेल्या गाडीची खूण. दसऱ्याला तिची पूजा करायची असते, तेव्हा त्याआधीच्या रविवारी आपण बादली घेऊन खाली उतरतो. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते. बाहेरून गाडी धुतो तशी ते आतूनही धुवायला घेतात.

माझीही पहिली गाडी मी अशीच धुतली होती. वरून कार्पेट दुसऱ्या दिवशी वाळलं. त्याच्याखाली फोमचा जाड थर असतो, तो मात्र आठवडाभर ओला राहिला आणि आधी नव्हती ती बुरशी नंतर आली. तेव्हापासून पक्कं ठरवलं आहे की गाडीच्या आत पाणी ओतायचं नाही. फडकं ओलं करायचं, पिळायचं, पुसायचं आणि वाळवायचं. पुढचं सगळं याच एका धोरणावर उभं आहे.

दिवस आणि सामान

पाऊस उघडलेला, कोरडं ऊन पडलेला दिवस निवडा. ऑक्टोबर हीटचा त्रास होतो खरा, पण या कामाला तीच उपयोगी पडते. सकाळी आठला सुरुवात करा, म्हणजे ओलं काम दुपारी बारापर्यंत उरकतं आणि वाळायला संध्याकाळपर्यंतचं ऊन मिळतं. काम सावलीत करा, गाडी वाळवा उन्हात. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर साबणाचं पाणी लगेच सुकतं आणि त्याचे पांढरे ओघळ राहतात.

सामानात महागडं काही लागत नाही. घरचा व्हॅक्यूम क्लीनर, फटीत जाणाऱ्या चपट्या नळीसह. पाच-सहा मायक्रोफायबर फडकी. भिंत रंगवायचा एक इंची नवा ब्रश, एक जुना मऊ टूथब्रश, कपड्यांचा मऊ ब्रश. दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक नुसत्या पाण्याची. एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा सौम्य शाम्पू पुरे होतो. जास्त साबण घातला तर तो कापडात राहतो, चिकटतो आणि पुढची धूळ ओढून घेतो. याशिवाय पांढरं व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा. दुकानात धुण्याचा सोडाही मिळतो, तो घेऊ नका. तो फार तीव्र असतो, हात आणि कापड दोन्ही खराब करतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड वापरणार असाल तर तो ओल्या फरशीवर ठेवू नका. आणि चारही दारं तासन्‌तास उघडी राहणार असल्यामुळे आतले दिवे हाताने बंद करा. त्या दिव्यांनी बॅटरी उतरते आणि संध्याकाळी गाडी सुरूच होत नाही.

आधी गाडी रिकामी करा

डिकीपासून ग्लोव्ह बॉक्सपर्यंत सगळं बाहेर काढा. कागदपत्रं एका पिशवीत, बाकीचं एका खोक्यात. टोलच्या पावत्या, अर्धवट पाण्याच्या बाटल्या, वितळलेली चॉकलेटं फेकून द्या. सॅनिटायझर, डिओ, लायटर हे तर कधीच गाडीत ठेवू नयेत. बंद गाडी उन्हात प्रचंड तापते.

मग मॅट काढा. रबरी मॅट साबणाने घासून, धुऊन उभ्या टांगा. नूडल्ससारख्या गुंतवळ्याच्या मॅट उलट्या करून आधी आपटा, मगच धुवा, कारण त्यांच्या पोटात मूठभर तरी वाळू बसलेली असते. मॅट पूर्ण वाळल्याशिवाय परत टाकायच्या नाहीत. धुतलेली ओली मॅट घाईने टाकली की तिच्याखालचं कार्पेट दिवसेंदिवस दमट राहतं.

कोरडं काम: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

ओलं फडकं हातात घेण्याआधी जितकी माती कोरडीच निघेल तितकी काढा. धुळीला पाणी लागलं की तिचा चिखल होतो आणि तो कापडात खोल जातो.

कोकणातली लाल माती ही या बाबतीत सर्वांत हट्टी. जांभ्या दगडाची ती माती लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल असते आणि तिचे कण फार बारीक असतात. ओली असताना घासली की ती कापडाच्या धाग्यात रंगासारखी बसते. म्हणून डाग दिसला तरी हात आवरा. पूर्ण सुकू द्या, ब्रशने सैल करा, लगेच व्हॅक्यूमने ओढून घ्या. दोन-तीन वेळा असं केल्यावर जो फिकट डाग उरेल, त्यालाच ओलं फडकं लावा.

गुहागर किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावरून आला असाल तर वाळूबरोबर मीठही आलेलं असतं. मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे कार्पेट वाळूनही पुन्हा दमट लागतं. अशा जागी व्हॅक्यूम करून झाल्यावर घट्ट पिळलेल्या फडक्याने, साबणाशिवाय, दोनदा पुसा आणि दर वेळी फडकं स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या.

व्हॅक्यूम करताना एका हातात रंगाचा ब्रश आणि दुसऱ्या हातात नळी धरा. ब्रशने धूळ उडवायची, नळीने ती हवेतच पकडायची. छताच्या कडेपासून सुरुवात करून डॅशबोर्ड, एसीच्या जाळ्या, दारांचे कप्पे, सीट आणि शेवटी जमीन असं वरून खाली या. सीट पूर्ण पुढे सरकवून तिच्या मागचं साफ करा, मग पूर्ण मागे घेऊन पुढचं. सीट ज्या रुळांवर सरकते तिथे नाणी, पिना आणि शेंगदाण्याची टरफलं अडकतात. पाठ आणि बैठक यांच्या फटीत हात घालण्याआधी टॉर्चने बघा.

सीटखाली वायरी आणि जोडण्या दिसतील, बऱ्याचदा पिवळ्या रंगाच्या. त्या एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेच्या असतात. त्या ओढू नका, ओल्या करू नका, आणि सफाईसाठी सीट खोलून काढण्याच्या फंदात तर अजिबात पडू नका. आपल्याकडे जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या मोटारीत निदान चालकासमोरची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे तुमची गाडी साधी असली तरी ही काळजी तुम्हालाही लागू आहे.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर मात्र व्हॅक्यूम लगेच बंद करा. पावसाळ्यात बिस्किटांच्या चुऱ्याच्या वासाने उंदीर गाडीत शिरतात, आणि लेप्टोस्पायरोसिससारखा आजार त्यांच्या मूत्रातून पसरतो. हातमोजे आणि मास्क घाला, त्या जागेवर जंतुनाशक पाणी फवारा, दहा मिनिटं थांबा, कागदाने उचला, कागद पिशवीत बांधून टाका. तिथली धूळ कोरडी उडू द्यायची नाही. आणि एकदा वायरीही तपासून घ्या.

छत, डॅशबोर्ड, पट्टे

छताचं कापड पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं. जास्त पाणी लागलं किंवा जोरात घासलं की गोंद सुटतो आणि कापड तंबूसारखं खाली लोंबतं. दमट फडक्याने एकाच दिशेने हलकं पुसा आणि तिथेच थांबा. थोडा डाग राहिला तर राहू दे.

डॅशबोर्ड, दारांचं प्लास्टिक, गिअरची दांडी, हँडब्रेक हे सगळं साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसा, मागोमाग साध्या पाण्याच्या फडक्याने, मग कोरड्याने. स्टीअरिंगवर आपल्या हाताचं तेल आणि मळ यांचा थर असतो. तिथे तीन-चार वेळा फडकं फिरवल्यावरच ते काळं यायचं थांबतं. बटणांच्या कडांना टूथब्रश, तोही पिळून. स्प्रे कधीही थेट बटणांवर मारू नका, आधी फडक्यावर मारा. स्क्रीन आणि वेगाच्या काट्यावरचं पारदर्शक आवरण धूळ असताना कोरडं घासलं की बारीक चरे पडतात, आणि ते चरे नंतर निघत नाहीत. तिथे स्वच्छ, किंचित ओलं मायक्रोफायबरच हवं.

चकाकी आणणारं पॉलिश मी डॅशबोर्डला लावत नाही. त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि दुपारी रस्ता नीट दिसत नाही. स्टीअरिंग, पेडल आणि चालकाच्या पायाखालची मॅट यांना तर ते कोणीच लावू नये. पाय घसरायला एक क्षण पुरतो.

सीटबेल्ट आपण सहसा विसरतो, आणि पावसाळ्यात बुरशी पहिल्यांदा तिथेच धरते. पट्टा पूर्ण बाहेर ओढा, तो परत आत जाऊ नये म्हणून वर कपडे वाळत घालायचा चिमटा लावा, सौम्य साबणाच्या फडक्याने दोन्ही बाजूंनी लांबीच्या दिशेने पुसा. चिमटा पूर्ण वाळेपर्यंत तसाच ठेवा. ब्लीच किंवा तीव्र रसायन पट्ट्याला लावू नका, धागे कमजोर होतात आणि अपघातात त्याच धाग्यांवर आपला भार असतो. मुलांच्या कारसीटचे पट्टेही बुडवून धुवायचे नसतात, फक्त पुसायचे.

सीट

कापडी सीटवर साबणाचं पाणी न ओतता त्याचा फेस वापरा. बादलीतलं पाणी हाताने फेटा आणि वरचा फेस ब्रशने उचला. वीतभर जागा घ्या, गोल गोल हलकं घासा, लगेच ओल्या फडक्याने तो मळकट फेस टिपून घ्या, मग कोरडं फडकं दाबून ओल शोषून घ्या. मग पुढची वीतभर जागा. एक सीट नीट करायला अर्धा तास लागतो. सगळी सीट एकदम ओली करून घासली की मळ मधोमध निघतो आणि कडेला पिवळट वर्तुळ राहतं. सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण असेल तर तिथे आणखी कमी पाणी.

रेक्झिन किंवा लेदरेटची सीट सोपी: पिळलेलं फडकं, शिवणींना मऊ ब्रश, मग कोरडं पुसणं. बारीक छिद्रं असलेली, आतून हवा सोडणारी सीट असेल तर तिच्यावर काहीही फवारू नका, कारण थेंब छिद्रातून खालच्या पंख्यापर्यंत जातात. खरं चामडं असेल तर साबण अगदी नावाला, आणि नंतर चामड्याचं क्रीम.

डाग आणि वास

इथे सगळ्यांना एकच औषध हवं असतं, पण वास कशाचा आहे त्यावर औषध ठरतं.

उलटी आंबट असते. आधी जाड थर पुठ्ठ्याने उचला, थंड पाण्याच्या फडक्याने टिपा, घासू नका. जागा किंचित दमट असताना त्यावर खाण्याचा सोडा जाडसर पसरा आणि रात्रभर ठेवा. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे आंबट वासाची आम्लं मारतो. सकाळी व्हॅक्यूम करा. सीटबेल्टचं टोक जिथे टक् करून बसतं त्या खाचेत काही गेलं असेल तर तिथे काडी घालून उकरू नका. पट्टा नीट अडकत नसेल तर गाडी सर्व्हिस सेंटरलाच न्या.

मासळीचा वास याच्या उलट. रत्नागिरीहून सुरमई-बांगडा थर्माकोलच्या खोक्यात आणताना बर्फ वितळतो आणि डिकीत पाणी झिरपतं. हा वास ज्या पदार्थांमुळे येतो ते स्वतःच अल्कधर्मी असतात, म्हणून त्यांच्यावर सोडा विशेष चालत नाही, आम्ल लागतं. आपण मासे धुताना लिंबू किंवा कोकम लावतो ते याच कारणाने. डिकीचं कार्पेट आणि त्याखालचा पुठ्ठा बाहेर काढा, थंड पाण्याने पुसा, मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फवारा, पंधरा मिनिटांनी टिपून घ्या आणि उन्हात ठेवा. व्हिनेगरचा स्वतःचा वास दिवसभरात उडून जातो. स्टेपनीच्या खड्ड्यातही बघा, कारण झिरपलेलं पाणी शेवटी तिथेच जातं आणि जॅक-पान्ह्यांना गंज चढतो.

दूध सांडलं तर त्याच दिवशी काम करा, उद्यावर टाकू नका. थंड पाणीच वापरा. गरम पाण्याने दुधातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात. रक्ताचंही तेच. तेलकट डागाला, म्हणजे वडापाव, भजी, लोणचं, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब पुरतो. च्युइंगगमवर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ धरा, कडक झालं की खरवडून निघतं.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि लोक घाबरतात. घाबरू नका. हळद अल्कधर्मी पदार्थाशी भेटली की लाल होते, पारंपरिक कुंकू हळदीत चुना घालून होतं ते असंच. लिंबू किंवा व्हिनेगर लावलं की ती परत पिवळी होते. उरलेला पिवळेपणा घासून काढू नका, दोन-तीन दिवस त्या जागेवर ऊन पडू द्या. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे आपण वाळत घातलेल्या कपड्यांवर पाहिलेलं असतंच.

वास झाकायला डांबरगोळ्या ठेवायची पद्धत आहे. कृपा करून ठेवू नका. बंद, तापलेल्या गाडीत त्यांची वाफ साचते आणि ती लहान मुलांना विशेषतः घातक असते. वाटीभर लाकडी कोळसा सीटखाली ठेवा, तो वास आणि थोडी ओल दोन्ही शोषतो.

बुरशी दिसली तर

स्टीअरिंगवर किंवा सीटवर पांढरट-हिरवट ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने झटकू नका, बीजकण सगळ्या गाडीत उडतात. मास्क लावा, सगळी दारं उघडा, निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी फडक्यावर घेऊन पुसा आणि फडक्याची घडी दर वेळी बदला. तासाभराने पुन्हा एकदा पुसा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पुसून झाल्यावर ओल कुठून आली ते शोधा, नाहीतर पंधरा दिवसांत बुरशी परत येईल. पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या कडेला पाणी वाहून जाण्याची जागा असते. झाडाखाली लावलेल्या गाडीत तिथे पानं कुजून बसतात आणि पाणी आत वळतं. दारांचे रबर बोटाने चाचपा, कुठे फाटलेत का ते पाहा. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यातल्या पाणी जाण्याच्या नळ्या तुंबलेल्या असू शकतात. फक्त चालकाशेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं असेल, तेही पाऊस नसताना, तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे असं समजा आणि मेकॅनिकला दाखवा.

एसी

एसी लावल्यावर मोज्यांसारखा वास येत असेल तर आधी केबिन फिल्टर बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली उतरवला की झाकण दिसतं. नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत आहे. फिल्टर काळा पडला असेल तर नवा घाला, धुऊन वापरू नका. त्याच्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो, जुना काढताना तो कुठे होता ते लक्षात ठेवा.

एक सवय लावून घ्या. घरी पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करा आणि नुसता पंखा चालू ठेवा, बाहेरची हवा आत घेत. आतल्या थंड जाळीवर साचलेलं पाणी त्याने वाळतं आणि वास धरायला ओलच उरत नाही.

काच सर्वांत शेवटी

बाकी सगळं झाल्यावर काच, कारण तोवर तिच्यावर शिंतोडे उडालेले असतात. तापलेल्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या वाफेचा एक पातळ तेलकट पडदा काचेवर आतून बसतो, तो रात्री समोरच्या दिव्यांत चमकतो. एक फडकं किंचित ओलं, एक कोरडं. आतून आडवं पुसा, बाहेरून उभं. म्हणजे ओघळ कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. मागच्या काचेवर आडव्या तारा असतील तर त्यांच्याच दिशेने पुसा आणि ब्लेड लावू नका.

वाळवणं

गाडी उन्हात घ्या, चारही दारं आणि डिकी उघडी ठेवा. घरचा टेबलफॅन आणून एका दारातून आत वारा सोडला तर वेळ निम्म्यावर येतो. संध्याकाळी कार्पेटवर कोरडा टिश्यू ठेवून तळहाताने जोरात दाबा. टिश्यू दमट झाला तर मॅट टाकू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्या. खरी परीक्षा सकाळची. रात्रभर काचा बंद ठेवून पहाटे दार उघडा आणि पहिल्या श्वासालाच वास बघा, कारण दोन मिनिटांत नाकाला त्याची सवय होते.

आणि दसऱ्याच्या दिवशी पूजा करताना एवढी काळजी घ्या. अक्षता डॅशबोर्डवर टाकू नका, काचेखालच्या एसीच्या फटीतून त्या आत जातात आणि पंख्यात खडखडत राहतात, बॉनेटवर वाहा. स्टीअरिंगला हळदीकुंकवाचं कोरडं बोट लावा, ओलं गंध नको. नारळ गाडीपासून दोन पावलं लांब फोडा. झेंडूचा हार आत टांगला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी काढा, कुजलेल्या पाकळ्यांचं पाणी नेमकं नुकत्याच पुसलेल्या डॅशबोर्डवर गळतं.